बाई मॅम कॉलेजात जातात

"तू थांब. मी बोलते."

बाईंचं हे वाक्य मी कुठं कुठं ऐकलं, ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. उशिरा आलेल्या मुलाला शाळेच्या फाटकाशी वॉचमननं अडवलं, की हे वाक्य. कँटीनमध्ये कुणाला गार समोसा मिळाला, की हे वाक्य. फिजिक्सच्या सरांनी एखाद्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, तर हमखास. रस्ता ओलांडताना लहान पोराला थोपवतात तसा उजव्या हाताचा तळवा त्या मुलापुढं आडवा धरायचा, स्वतः एक पाऊल पुढं व्हायचं, आणि मग पुढचं सगळं बाईंनीच बोलायचं. समोरचा मल्याळी असो, इजिप्तचा असो की पठाण, त्यांच्या इंग्रजी-हिंदी-मराठीच्या माऱ्यापुढं तो फार वेळ टिकत नसे.

तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असेलच. फक्त आमच्या बाई शारजातल्या एका भारतीय शाळेत होत्या. मूळच्या वसईच्या, कॅथलिक, गणित शिकवणाऱ्या. आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिका 'मॅम'. पण कधी काळी एका मराठी मुलानं त्यांना 'बाई' म्हटलं आणि बाकीच्या पोरांना ते त्यांचं नावच वाटलं. तेव्हापासून पंजाबी, तमिळ, सिंधी सगळ्यांच्या तोंडी त्या 'बाई मॅम'. प्रिन्सिपॉलसाहेबसुद्धा मीटिंगमध्ये 'बाई मॅम विल हँडल इट' म्हणत, आणि बाई खरोखरच हँडल करत.

मी तिथं करिअर कौन्सेलर होतो. म्हणजे पालकांनी आधीच ठरवून टाकलेलं करिअर मुलांना समजावून सांगणं, हे माझं काम. त्या कामाला कंटाळून मी एक नवी योजना आणली. अकरावी-बारावीच्या काही मुलांनी आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या एका कॉलेजात जायचं, तिथल्या मुलांबरोबर एक विषय शिकायचा, आणि पास झालं की त्याचं क्रेडिट शाळेतही धरलं जायचं आणि पुढं कॉलेजातही. एकाच अभ्यासाचा दोन्हीकडे हिशेब. पालक खूश झाले. कॉलेजची अट एवढीच होती, की मुलं अठरा वर्षांखालची असल्यानं शाळेतलं कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं.

"मी जाते," बाई म्हणाल्या. "कॉलेज म्हणजे काय हो सर, मोठी शाळाच ना?"

मी यादीत त्यांचं नाव लिहून टाकलं. बोलायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मीही सोबत गेलो होतो. विषय होता समाजशास्त्र. वर्गात कॉलेजची मुलं अघळपघळ बसलेली, कुणाच्या हातात कॉफी, कुणाचे पाय समोरच्या खुर्चीवर. आमची पोरं युनिफॉर्ममध्ये, केसांना तेल लावून शेवटच्या रांगेत, आणि त्यांच्या टोकाला बाई. तेवढ्यात प्रोफेसरबाई आत आल्या. जॉर्डनच्या, तरुण, त्यांच्याही हातात कॉफी. बाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ आमची सगळी पोरं उभी. ते पाहून कॉलेजची दाढीवाली मुलंही गोंधळून एकेक करत उठली. त्यांना बहुधा आगीची घंटा झाली असं वाटलं असावं. आपल्यामागून कुणी शेख आलेत की काय, म्हणून प्रोफेसरबाईंनी वळून दाराकडं पाहिलं.

"गुड आफ्टरनून, मॅम," आमची पोरं एका सुरात म्हणाली.

तास संपल्यावर बाईंनी प्रोफेसरबाईंना गाठून विचारलं, "मॅम, पोर्शन कब तक कम्प्लीट होगा?" त्यावर त्या हसून म्हणाल्या, की पुस्तक आहे, पण चर्चा जिकडं नेईल तिकडं आपण जाऊ. व्हॅनमध्ये बसेपर्यंत बाई धुमसत होत्या. "चर्चा नेईल तिकडं! म्हणजे ह्यांचं काही ठरलेलंच नाही. सर, ह्या पोरांची जबाबदारी माझी आहे. पुस्तकाचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातला एकेक धडा बाई जाता-येता व्हॅनमध्ये पाठ करून घेऊ लागल्या. गणिताची बाई आणि समाजशास्त्र काय शिकवणार, असं तुम्हाला वाटेल. बाईंना तसं वाटत नसे. पाठांतराला विषय लागत नाही, एवढा त्यांचा अनुभव होता. व्याख्या पाठ, उदाहरणं पाठ, चित्राखालची ओळसुद्धा पाठ. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये व्हॅन अडकली, की आतून सामुदायिक पठणाचा आवाज यायचा. ड्रायव्हर पठाण होता, भला माणूस. तो अधूनमधून आरशात बघून विचारायचा, "बाई जी, खलास? अब गाना लगाऊँ?"

"खलास नहीं. एक पान बाकी है."

त्या पोरांमध्ये निदा नावाची एक मुलगी होती. रत्नागिरीकडची, तिच्या अब्बांचं इंडस्ट्रियल एरियात छोटंसं गॅरेज. हुशार, पण इतकी गप्प, की हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा शेजारची मुलगी म्हणायची. तिला ह्या योजनेत आणलं बाईंनीच. शाळेबाहेर दर आठवड्याला पोरीला पाठवायला अब्बा तयार नव्हते. "मी बोलते," म्हणून बाई थेट गॅरेजात गेल्या, ऑइलच्या डबक्यातून साडी सावरत. निदाला पुढं शिकायचं होतं, तिच्यामागं दोन भाऊ होते, आणि ही क्रेडिटं मिळाली तर तिचं कॉलेज लवकर उरकणार होतं. अब्बा शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तर होऊ दे. पण पोरीच्या नावाला काही लागता नये."

"माझी पोर समजा," बाई म्हणाल्या.

आणि नेमकं तिच्याच नावाला लागलं. सहामाही परीक्षेनंतर मला कॉलेजची ईमेल आली. निदाचं एक उत्तर पुस्तकाशी शब्दन्‌शब्द जुळत होतं, पानभर, अगदी स्वल्पविरामासकट. तिनं फोन लपवून त्यातून उतरवलं असावं असा संशय होता. चौकशी होणार होती. कॉपी ठरली तर ती विषयात नापास, आणि कॉलेजच्या रेकॉर्डवर तसा शेरा. ते रेकॉर्ड पुढं ती जिथं जाईल तिथं तिच्यासोबत जाणार.

मी बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कॉपी? अहो, तिनं पाठ केलंय! मी करून घेतलंय!" मग पदर खोचून म्हणाल्या, "तुम्ही थांबा. मी बोलते."

मी म्हटलं, बाई, तिथं तसं चालत नाही. पण दुसऱ्या दिवशी बाई घरी केलेल्या रवा केकचा डबा घेऊन प्रोफेसरबाईंच्या खोलीत हजर. आपल्याकडं बोर्डाच्या परीक्षेनंतर ओळखीच्या सरांकडं जाऊन 'जरा बघा' म्हणायचं असतं, तसंच काहीसं त्यांच्या मनात होतं. त्यात त्यांना गैर काहीच दिसत नव्हतं. प्रोफेसरबाईंनी तो डबा हळूच टेबलाच्या कडेला सरकवला आणि म्हणाल्या, की चौकशीआधी मी हे घेऊ शकत नाही.

"केक है, मॅम. घर का है."

"आय ॲम शुअर इट्स लव्हली. पण मी फक्त निदाशी बोलू शकते."

"शी इज सिक्स्टीन!"

"नॉट इन माय क्लास. माझ्या वर्गात ती कॉलेजची विद्यार्थिनी आहे."

बाई डबा घेऊन परत आल्या. तो केक व्हॅनमध्ये पोरांनी संपवला. निदानं तुकडा घेतला नाही. बाईंनीही नाही.

चौकशीच्या दिवशी खोलीत प्रोफेसरबाई आणि त्यांचे वयस्कर विभागप्रमुख होते. आम्हा दोघांना आधीच बजावलं होतं, की बसायला हरकत नाही, बोलायचं मात्र नाही. बाई पर्स मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या. डॉक्टरनं जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर माणूस जसा दिसतो, तशा दिसत होत्या. मला खरं तर हसू येत होतं, पण खुर्चीची कड घट्ट धरून बसलेली निदा दिसली आणि ते जागीच विरलं.

उत्तर पुस्तकाशी कसं जुळलं, असं तिला विचारलं.  ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "आय नो इट बाय हार्ट."

विभागप्रमुखांनी पुस्तक उचललं आणि कुठलं तरी वेगळंच पान उघडून पहिले चार शब्द वाचले. निदानं डोळे मिटले. आणि धबधबा सुरू झाला. परिच्छेद, उदाहरण, कंसातला मजकूर, चित्राखालची ओळ. मी बाईंकडं पाहिलं, तर त्यांचेही ओठ तिच्याबरोबर हलत होते. विभागप्रमुख पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत होते. शेवटी ते खुर्चीत मागं रेलून हसले. "खलास, खलास! शी डिडन्ट कॉपी."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू त्यांच्या पोरीनं ऑलिम्पिक जिंकलं.

"ओके," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "म्हणजे कॉपी नाही. पण ह्या उत्तराला मी गुण कशाचे देऊ? निदा, पुस्तक आता विसर. तुझ्या उत्तरातली 'सामाजिक भूमिका' म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत सांग. ते सांगता आलं तर गुण, नाहीतर शून्य."

 निदानं वळून बाईंकडं पाहिलं. सवयच होती ती. अडलं की बाईंकडं बघायचं. बाईंचा उजवा हात पर्सवरून उठला, तळवा पुढं येऊ लागला. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःचंच मनगट घट्ट पकडलं आणि मान खाली घातली. एखाद्या माणसाला गप्प बसायला इतके कष्ट पडताना मी कधी पाहिलेलं नाही.

आणि निदा बोलू लागली. ती इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं. म्हणाली, "एकच माणूस ठिकाण बदललं की वेगळा वागतो. माझे अब्बा गॅरेजमध्ये सगळ्यांशी हसतात. गिऱ्हाइकाचा विनोद कळला नाही तरी हसतात. घरी आले की बोलतच नाहीत. अम्मी म्हणते, दमले. मला वाटतं, घरी त्यांना कुणी बनावं लागत नाही." मग म्हणाली, "मीसुद्धा घरी भावांवर खूप ओरडते. शाळेत मी बोलत नाही. शाळेत माझ्या वतीनं बाई मॅम बोलतात. तिथं माझी भूमिका गप्प बसायची आहे."

प्रोफेसरबाईंनी पेन उचललं आणि गुण लिहिले. ना शेरा, ना शून्य. अब्बांना दिलेला शब्द पाळला गेला.

परतताना व्हॅनमध्ये पोरांचा नुसता गलका होता. ड्रायव्हरनं न विचारता गाणं लावलं. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. कडक चहाच्या टपरीशी थांबलो तेव्हा कप हातात घेऊन मला म्हणाल्या, "सर, ती खोटं बोलली नाही."

"तिनं तक्रार नव्हती केली, बाई."

"तेच तर. तक्रार केली असती तर रागावता आलं असतं."

त्यानंतर बाई बदलल्या, असं म्हणतो, पण फार त्रासानं बदलल्या. फाटकाशी वॉचमननं मुलाला अडवलं, की त्या मागं जाऊन नोटीस बोर्ड वाचत उभ्या राहत. नोटीस बोर्डवर गेल्या वर्षीच्या स्पोर्ट्स डेची सूचना असायची. मुलगा सुटून आत गेला, की माझ्याजवळ येऊन हळूच विचारत, "काय म्हणाला हो तो? नीट म्हणाला का?" दाढेखाली लवंग धरून ठेवायच्या. तोंड बंद राहायला बरं पडतं म्हणायच्या. व्हॅनमध्ये पाठांतर बंद झालं नाही, पण प्रत्येक पानानंतर एकेकाला विचारू लागल्या, "आता हे तुझ्या घरात कुठं दिसतं, सांग." पोरं जे काही सांगत, त्यातलं निम्मं ऐकून त्यांचा जीव खालीवर होई. तरी ऐकायच्या.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि माणूस गाशा गुंडाळतो. बाई वसईला गेल्या. निदा आता त्याच कॉलेजात रीतसर शिकते. शाळेच्या नव्या पोरांबरोबर मी जातो. प्रोफेसरबाई वर्गात आल्या की कुणी उठून उभं राहत नाही. एकदा त्यांनीच मला विचारलं, "वेअर इज युवर बाई?" मी म्हटलं, रिटायर होऊन घरी गेल्या, इंडियाला. 

परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये व्हॅनची वाट बघत उभा होतो, तेव्हा फोनवर बाईंचा निरोप आला. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. नुसतं रेकॉर्डिंग होतं. संध्याकाळी शेजारची पोरं त्यांच्या ओट्यावर गणित शिकायला येतात, हे मला ठाऊक होतं. रेकॉर्डिंगमध्ये एक लहान मुलगी अपूर्णांकांची बेरीज समजावून सांगत होती. दुसऱ्याच पायरीला चुकली होती. तरी मोठ्या ऐटीत पुढं पुढं सांगत राहिली. मी कान देऊन वाट बघत होतो, आता बाई बोलतील, आता टोकतील. मागं कावळा ओरडला, एक स्कूटर गेली. मुलगी अडखळली आणि गप्प झाली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग ती मुलगी म्हणाली, "नाही बाई, चुकलं. परत सांगते."

तिथंच रेकॉर्डिंग संपलं. मी ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. बाईंचा आवाज त्यात कुठंच नव्हता. त्यांची इतकी आठवण मला आजवर कधी आली नव्हती.