हजेरीतलं आठवं नाव

राजुऱ्याच्या एका वाचनालयात मी काम करतो. तुमचा अंक दर महिन्याला माझ्याच हातून नोंदवहीत चढतो, पण वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे पान मी नेहमी न वाचताच उलटत आलो. भूत, चकवा, भानामती - यातलं काही मला कधी पटलं नाही. देवावरही माझा विश्वास बेताचाच. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते वाचून कुणी हसलं तर मला वाईट वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसलो असतो.

आमचं मूळ गाव चामोर्शी तालुक्यात. नाव देत नाही. गावाला मोठा तलाव आहे आणि आम्ही त्या तलावावर जगणारे लोक - मासे, शिंगाडे आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोपांची रोवणी. शिंगाड्याची वेल पाण्यावर पसरते, फळ खाली लोंबतं. तोडायला कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं आणि वेल पायांत येते, म्हणून एकट्यानं जायचं नसतं. शिवाय गावाचा एक कडक नियम. दसऱ्याला पहिली टोपली पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मातामाय देवीला चढल्याशिवाय शिंगाड्याला कुणी हात लावायचा नाही. मोठ्यानं नाही, लेकरानंही नाही. तोडला तर ती नुसती चोरी नव्हे, अख्ख्या तलावावर आणलेलं संकट.

१९९२ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा आणि माझी बहीण वनिता बारा वर्षांची. रविवारी सकाळी टीव्हीवर लहान मुलांची एक मालिका लागायची - ‘ध्रुवयान’. सात मुलं एका अंतराळयानातून निरनिराळ्या ग्रहांवर जातात आणि यानातला संगणक त्यांना सांभाळतो. संगणकाचा आवाज एका बाईचा होता, सपाट, सावकाश. आम्ही तो आवाज काढत बांधाबांधांनी हिंडायचो. गावात टीव्ही एकच, सोमाजींच्या घरी. (नाव बदललं आहे.) वीज नसली तर ते ट्रॅक्टरची बॅटरी लावत. पण फुकट बसू देत नसत. चिंच, अंडी, जळणाची मोळी, सुकवलेली मासळी - काहीतरी हातात असेल तरच दार उघडायचं. आम्हाला त्यात काही गैर वाटत नसे. टीव्ही त्यांचा होता.

शेवटचा भाग दसऱ्याच्या आदल्या रविवारी होता. मी चिंच घेऊन पुढे गेलो. वनिताची भांडी घासायची राहिली होती, ती मागून येणार होती. मालिका सुरू झाल्यावर दारावर एकदा थाप पडली. सोमाजी उठून गेले, दारात काहीतरी बोलले, कडी लावून परत आले आणि खाटेवर बसले. मी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. यान पृथ्वीवर परतत होतं.

दुपारी ती शिंगाड्याच्या वेलीत सापडली. पाणी तिच्या छातीएवढंच होतं. फ्रॉकच्या ओच्यात शिंगाडे होते, घट्ट धरलेले. ओचा सोडवायला मायला बराच वेळ लागला.

लोक रडले. पण संध्याकाळपर्यंत ओच्यातल्या शिंगाड्यांची चर्चा सुरू झाली होती. पहिली टोपली चढली नव्हती. मी त्या थापेबद्दल सांगितलं. सोमाजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, पोराच्या मनावर परिणाम झाला, माझ्या दारी ती आलीच नाही, कुत्रं होतं. बाकीच्या मुलांना थाप ऐकू आली नव्हती, किंवा घरून तसं सांगायला सांगितलं असेल. त्या हिवाळ्यात तलावात मासे मरून वर आले. मग बैठक झाली आणि बाबांचं जाळं बंद करण्यात आलं. म्हणजे या तलावात त्यांनी पुन्हा जाळं टाकायचं नाही. तलावावर वाढलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. आम्ही राजुऱ्याकडे आलो. बाबा कोळशाच्या खाणीवर मजूर झाले. वनिताबद्दल ते पुढे कधीच बोलले नाहीत. उपवासाला मायनं शिंगाड्याचं पीठ आणलं तर मात्र ते न जेवता उठत.

२००६ च्या उन्हाळ्यात बाबा गेले. दहाव्याचा विधी गावच्या तलावावर करावा, अशी मायची इच्छा होती. मी विचारायला गेलो. सोमाजी तोवर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाले होते. अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाबू, तुह्या बापाबद्दल मले काई नाई. पण चोराच्या घरचं पानी तलावात नको. पुन्हा मासे मेले तं लोक मले इचारतीन.”

मी नमस्कार करून उठलो. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. पण परतीच्या बसमध्ये माझ्या मनात जे चाललं होतं ते इथे छापण्यासारखं नाही. दहावा आम्ही वर्धा नदीवर केला.

त्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयाच्या बालविभागासाठी चंद्रपूरहून पुस्तकं आली आणि त्यांच्याबरोबर काही व्हीसीडी. त्यांत ‘ध्रुवयान’चा पूर्ण संच होता. मी तो नोंदवहीत चढवला. मग रोज दुपारी वाचनालय बंद असताना एकेक भाग बघू लागलो. काय दरिद्री मालिका होती ती! यानाच्या भिंती थर्मोकोलच्या. कप्तानाच्या टोपीवरचा दिवा म्हणजे सायकलचा मागचा लाल रिफ्लेक्टर. मंगळावरच्या डोंगरामागून एकदा चक्क एक बकरी जाते. मी एकटाच हसत होतो, आणि हे वनिताला दाखवायला हवं असं मनात येऊन थांबत होतो.

शेवटचा भाग लावायचं धैर्य यायला मला आठ दिवस लागले. मी तो लहानपणी पूर्ण पाहिला होता, पण त्यातलं एक दृश्यही आठवत नव्हतं. यान उतरतं. दार बंद करण्यापूर्वी संगणक मुलांची हजेरी घेतो. सात नावं, प्रत्येक नावानंतर ‘आत आहे’. सातवं नाव झालं. थोडी शांतता... आणि त्याच सपाट, सावकाश आवाजात संगणक म्हणाला, “वनिता. वनिता बाहेर आहे. दार कोणी लावलं?”

मग शेवटचं संगीत सुरू झालं.

मी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. सात नावं, शांतता, संगीत. पुन्हा लावला. त्या दुपारी किती वेळा लावला, सांगता येणार नाही. आठवं नाव पुन्हा आलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, बाप नुकताच गेला आहे, डोकं थकलं आहे. मायलासुद्धा काही बोललो नाही. आज हे लिहीपर्यंत ते आठव्या नावाचं वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा.

पुढचं सांगताना लाज वाटते, पण लपवत नाही. मी चंद्रपूरला लग्नाच्या व्हिडिओचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो आणि व्हीसीडीत आवाज घालता येतो का, असं विचारलं. येतो म्हणाला, एका दिवसाचं काम. माझा बेत साधा होता. सोमाजींना सगळ्यांसमोर ते नाव ऐकवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा. दोन दिवस मी डिस्क पिशवीत घेऊन फिरलो. मग वाटलं, खोट्या आवाजाला घाबरलेला माणूस खरा पकडला जात नाही, उद्या तो सुटून जाईल. डिस्क होती तशीच डब्यात ठेवली. त्या माणसाच्या हातात मी ती दिलीच नाही.

गावच्या शाळेला वाचनालयातर्फे पुस्तकांची पेटी द्यायचं ठरवलं आणि तो रविवार मीच नेमला, दसऱ्याच्या आदला. सोसायटीच्या खोलीत टीव्ही होता. पोरं खाली बसली, म्हातारे भिंतीला टेकून. सोमाजी पुढे खुर्चीत. मालिकेचं नाव दिसलं तसे ते खुलले.

“अरे, हे तं आपल्या घरी पाह्यत होते पोट्टे. तवा टीव्ही होता कोनाच्या घरी? मी होतो म्हून पाह्यले.”

सीताबाई म्हणून गावातली एक सुईण आहे, जिभेची तिखट. ती मागून म्हणाली, “हाव जी भाऊ. अन् चिंच देल्याशिवाय तुमचं दार नाई उघडे. माह्या पोराच्या चिंचेनंच तुमच्या घरची आमटी आंबट होये.”

सगळे हसले. सोमाजीही हसले. मी शेवटचा भाग लावला.

माझं पडद्याकडे लक्ष नव्हतं. मी बाजूला उभा राहून सोमाजींकडे बघत होतो. हजेरी सुरू झाली. मी नावं मोजत होतो. सातवं झालं. शांतता... आणि संगीत. बस. मला काहीही ऐकू आलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या लांब मी कशासाठी आलो होतो?

तेव्हा सोमाजी उठून उभे राहिले. ते टीव्हीकडेच बघत होते, आणि एखाद्या मोठ्या माणसानं विचारल्यावर बोलावं तसं हात जोडून, आदबीनं बोलले.

“दार मीच लावलो जी. हात हालवत आली होती पोरगी. पन मी तिले मर नाई म्हटलो. चार शिंगाडे आन, मंग बस म्हटलो. एवढंच म्हटलो.”

टाळ्या थांबल्या. कुणीतरी टीव्ही बंद केला. सोमाजी उभेच होते, जणू पुढचा प्रश्न यायचा आहे.

तो प्रश्न सीताबाईनं विचारला. तिचा आवाज चढला नव्हता. “भाऊ, तवा मातामायले पहिली टोपली चढाची होती न?”

सोमाजींचे जोडलेले हात खाली आले. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. नियम मोडून शिंगाडे खायची हौस कुणाची, पाण्यात लेकरू धाडलं कुणी, आणि चौदा वर्षं चोर कोण ठरलं. पोलिसांच्या भीतीनं ते खोटं बोलले नव्हते. या खोलीतल्या माणसांच्या भीतीनं बोलले होते, आणि आता तीच माणसं समोर होती.

बैठक तिथेच झाली. अध्यक्षपद गेलं आणि त्यांचं जाळं बंद झालं. सचिवानं मला विचारलं, तुझं काही म्हणणं? मी म्हणालो, माझ्या बाबांना जेवढी वर्षं, तेवढीच यांना. कुणीतरी म्हणालं, चौदा वर्षांत म्हातारा मरून जाईल. मी म्हणालो, माझे बाबाही गेले. बाबांचं वर्षश्राद्ध पुढे त्याच तलावावर झालं. दसऱ्याला पहिली टोपली मायच्या हातानं चढली, आणि वनिताचं नाव घेऊन चढली. या कशाचंही मला वाईट वाटलेलं नाही.

पुस्तकांची पेटी दिली त्याच दिवशी बसची वाट बघत उभा होतो तर सोमाजी आले. काही तासांतच ते वाकल्यासारखे दिसत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं, “बाबू, ते टीव्हीतली बाई दार कोनी लावलं म्हने... तुले आयकू आलं न? इथी सारे म्हन्तेत, कोनी काईच बोललं नाई. खरं सांग. तू तं आयकलास न?”

म्हणजे तेच शब्द. माझ्याखेरीज कुणाला माहीत नसलेले.

माझ्या एका ‘हो’वर तो म्हातारा तिथेच रडून मोकळा झाला असता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “कोणती बाई, भाऊ? मला तर काही ऐकू आलं नाही.”

त्या खोलीपुरतं ते खरंच होतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मी तो भाग अजूनही अधूनमधून लावतो. नावं सातच आहेत. कागदावर मांडून बघितलं - मला भास झाला म्हटलं तर तोच भास त्यांना कसा झाला, आणि तोही मला झाला नाही त्या क्षणी? डिस्कमध्ये काही होतं म्हटलं तर पन्नास पोरांच्या कानांवर ते का पडलं नाही? गावाहून येणारे सांगतात, सोमाजी टीव्ही असलेल्या घरी जात नाहीत, आणि दर वेळी एकच निरोप पाठवतात: बाबूला विचारा, त्यानं खरंच ऐकलं नव्हतं का?

मी निरोपाला उत्तर पाठवत नाही.