पाहुण्यांचे पाय उसात

हां, तर रूपाबाईनं पाहुण्यांना बूट काढायला लावले, इथवर काल आलो होतो. मलाच हसू फुटलं अन् पुढचं राहून गेलं. आता पहिल्यापासून ऐका.

रूपाबाई आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरची. साठी उलटली, तरी फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला "कुठून आलात, कोणाकडं?" असं विचारल्याशिवाय सोडत नाही. तिच्या आजेसासऱ्यानं बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिलं. ही गावभर बातम्या वाहते.

यंदाच्या उन्हाळ्यात गावविहिरीनं तळ दाखवला. तांड्याचं पिणं त्याच विहिरीवर. पाऊस येईस्तोवर ती टिकते का, हाच घोर. सभा भरली. गुरुजी म्हणाले, "जगात माणूस जेवढं गोडं पाणी वापरतो, त्याच्या दहा घागरी धरा. सातेक शेतीला, दोनेक कारखान्यांना, अन् घराला उरते जेमतेम एक."

पाणी समितीचे अध्यक्ष माणिकराव. त्यांच्या उसाची मोटार त्याच विहिरीवर. त्यांनी टाळ्या वाजवल्या अन् ठराव केला, घरातली घागर वाचवा! पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं बंद.

"अन् त्या सात घागरी?" रूपाबाईनं विचारलं.

"ते शेतीचं हाय. तुमी घरातलं बघा."

पुढच्याच आठवड्यात माणिकरावांच्या कोमलला बघायला बाळापूरहून पाहुणे आले. फाट्यावर रूपाबाई होतीच.

"पाय धुवायचे असतील, तर घरी मनाई हाय. ठराव झाला. चला, पाणी हाय तिथं नेते."

अन् नेलं की! उसाच्या सरीत पाणी तुंबलेलं. बूट हातात, धोतरं वर. मुलाचे मामा पोटरीपर्यंत रुतले. त्यांचा एक मोजा अजून तिथंच असेल. अशी चिखलाची वरात माणिकरावांच्या पांढऱ्या गादीवर जाऊन बसली.

"काय हो, घरात तांब्याभर न्हाई अन् उसात तळं?" मामांनी विचारलं. दाराआड कोमल इतकी हसली, की मुलानं तिथंच पसंती दिली.

पाहुणे गेल्यावर माणिकराव तणतणत तांड्यावर आले. "काहून केलं तुमी असं, रूपाबाई? आता मी काय करू?"

तिनं त्यांना बाजेवर बसवलं, प्यायला पाणी दिलं. पायांकडं मात्र नुसतं बघितलं अन् म्हणाली, "मोटार बंद करा, माणिकराव. न्हाईतर लग्नाला वऱ्हाड येईल, त्याची आंघोळबी मी उसातच घालते."