अर्धं मिनिट मागे असलेला पूल

माझ्या गिरणीतून पडणाऱ्या ज्वारीच्या पिठाला पहिल्या क्षणी भाजल्यासारखा वास येतो. हिवाळ्यात त्या उबेवर बायका हात धरतात आणि नंबर लागेपर्यंत माझ्या फोनवर पूल पाहतात. सिरसाळ्याजवळच्या नदीवर पुलाचं काम चालू आहे; लोकांना ते घरबसल्या दिसावं म्हणून तिथे खांबावर कॅमेरा लावला आहे.

"पूल हाय का माझ्या सुनेची भाकर? फुगायचं नावच न्हाई," शेजारच्या नसीमबी रोज म्हणत.

माझा धाकटा भाऊ मारुती त्याच पात्रात मेंढरं चारायचा. एकदा फोनवर मी त्याला कॅमेऱ्याकडे हात करायला सांगितलं. "केला की, आक्का!" तो ओरडला, पण पडद्यावरचा मारुती काठीला टेकून उभाच. हात वर आला तो अर्ध्या मिनिटाने. चित्र उशिरा पोचतं, एवढंच. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

माघातली ती दुपार स्वच्छ, कोरडी होती. पडद्यावर खडीचा डंपर मागे सरकत होता आणि त्याच्या मागे उतारावर मारुतीचा कळप. चाकं थांबली नाहीत. आवाज नव्हता, पांढऱ्या वाळूवर लाल पट्टा पसरत गेला आणि उरलेली मेंढरं धुरासारखी चौफेर फुटली. मारुती कमरेची कुऱ्हाड उपसून धावला. मी गिरणी बंद केली, फोन लावला. नसीमबींच्या हातातल्या त्यांच्या फोनवर पूल चालूच होता.

त्याने उचलला. दम लागला होता.

"आक्का, हाणलं गं म्या त्याला."

पडद्यावर तो अजून कॅबिनचं दार ओढत होता. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा, काहीतरी समजावत. त्याने दोन्ही हात समोर धरले. धडधाकट हात. "पळ की रे लेकरा!" नसीमबी फोनवर ओरडल्या. मी ओरडले नाही. मला ठाऊक होतं. कुऱ्हाड वर गेली, आणि मी ती खाली येईपर्यंत पाहत राहिले.

ड्रायव्हर वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी पाहिलं ते सांगितलं. भावजय त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

परवा तुरुंगात जाळीपलीकडून मारुतीने विचारलं, "आक्का, तू जरा आधी फोन केला असता, तर थांबलो असतो का गं म्या?"

माझ्या पडद्यावर मेंढरं उभी होती तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलं होतं, हे मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. "जेवतोस का नीट?" एवढंच विचारलं.

बायका अजून विचारतात, पूल कुठवर आला. मी फोन उघडून देते. लहान लहान माणसं उन्हात चालत असतात, आणि त्यांचं काय होऊन गेलंय ते मला अजून दिसायचं असतं.