नऊचा काटा

तुळसा गोताड हिला खोटा काटा खपत नाही. माणसाचं खोटं ती एकवेळ ऐकून घेईल. माणसाला पोट असतं आणि पोटासाठी तो चार गोष्टी फिरवून सांगतो. पण काट्याला कुठलं पोट? त्याने खोटं का बोलावं, आणि बोललाच तर शिक्षा बाईने का भोगावी, हा तिचा सवाल आहे. तो ती कोणालाही विचारते आणि विचारताना आवाज खाली आणत नाही.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात ती अकरा हंगाम केटलवर होती. केटल म्हणजे चहाची किटली नव्हे. दोन माणसं आत उभी राहतील एवढं स्टीलचं भांडं, त्याच्या दुहेरी भिंतीतून वाफ फिरते आणि आतला आमरस तापतो. शेजारी भिंतीवर पाटी होती, 'चालवणार : आत्माराम'. हा आत्माराम सुपरवायझरचा मेहुणा. तो बाहेर फणसाखाली तंबाखू मळत बसायचा आणि वाफेचा व्हॉल्व्ह तुळसा फिरवायची. बाईमाणसाने वाफेच्या कामाला हात लावू नये असा कायदा तिला कोणी कधी दाखवला नाही, पण पाटीवर नाव लिहायला खडूही कोणी दिला नाही.

शेवटच्या हंगामात तिने सुपरवायझरला सांगितलं होतं, "सायेब, ह्यो तापाचा काटा पुढं पळतोय. पंच्याऐंशी दावतोय, पन रस अजून तापला नाय. तापल्या रसाचा आवाज मला ठावं हाय." सुपरवायझर हसला आणि चारचौघांत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पंधरा दिवसांनी कमी तापलेला रस आंबला आणि गोदामातले डबे फुगले. अकरा हंगाम पाटीवर आत्माराम होता, पण बोल लावायच्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवलं की केटल तुळसा चालवते. तिला काढून टाकलं. पुढे तो काटा तपासला तेव्हा आठ अंश पुढे निघाला. ते सांगायला कारखान्यातून कोणी आलं नाही. तिथला वायरमन बाबल्या रस्त्यात भेटला म्हणून तिला कळलं.

नोकरी गेली त्याच दिवशी ती रत्नागिरीत उतरली आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून काचेचा थर्मामीटर घेऊन घरी गेली. उकळत्या पाण्यात धरून पाहिला. बरोबर शंभर. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तो तिने कंपासपेटीत ठेवला. घरच्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. फिरलंच होतं, आणि का फिरू नये?

मग ती आरे-वारेच्या रस्त्यावर अनसच्या होमस्टेत लागली. अनस बारा वर्षं कतारमध्ये सुपरमार्केटात राबून परत आलेला, मनाने वाईट नाही, पण छापील अक्षरावर फार विश्वास. तुळसाचे घावणे आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं खायला पाहुणे परत परत यायचे. एक दिवस अनसने कॉफीचं मशीन आणलं. खोक्यावर सोनेरी आकड्यांत पाण्याचा दाब लिहिलेला, '१५ बार'. अनसला ते इतकं आवडलं की त्याने खोकंसुद्धा पडवीत मांडून ठेवलं. मशीन चालवायचं काम तुळसाकडे आलं.

कॉफी काही जमेना. एक कप आमसुलासारखा आंबट, दुसरा करपलेला कडू. पुडी तीच, हात तोच. पाहुणे अर्धा कप ठेवून उठायचे आणि जाताना मोबाइलवर वाईट लिहून जायचे. अनसने कंपनीचा माणूस बोलावला. त्याने पाच मिनिटं मशीन घरघरवून पाहिलं, इस्त्रीचा शर्ट नीट केला आणि म्हणाला, "मशीन ओके आहे. चालवणाऱ्या बाईंना जमत नाही. नाचता येईना..."

पुढचं तुळसानेच पुरं केलं. "अंगण वाकडं. पन दादा, अंगण खरंच वाकडं असलं तर?"

तो हसला. तेच जुनं हसू होतं. तुळसाची कानशिलं तापली.

अनसने निकाल देऊन टाकला. "तुळसाबाय, राग नका मानू. मी मुरुडला लग्नाला चाललोय. चार दिवसांनी येईन, मग मुंबईहून शिकलेला माणूस आणू. तुमी चुलीकडंच बऱ्या."

चुलीकडं बऱ्या! एका यंत्राच्या खोटेपणापायी ती एकदा घरी बसली होती. दुसऱ्यांदा बसणार नव्हती. अनसची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि तिने कंपासपेटी उघडली.

मशीनच्या तोटीखाली थर्मामीटर धरला. पहिल्यांदा ब्याऐंशी, थोड्या वेळाने सत्त्याण्णव. एकाच सकाळी, एकाच मशीनचे हे रंग. पुढे तिने मोबाइलवर व्हिडिओ लावले. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं अशीच मशीनं उघडून बसलेली. त्यांची भाषा तिला कळत नव्हती, काटा कळत होता. प्रत्येकाच्या दाबाचा काटा नऊवर येऊन थांबत होता. पंधरावर कोणाचाच नाही. पाणी जोराने मारलं की ते दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीला भोक पाडून तिथूनच पळतं आणि बाकीची पूड कोरडी राहते, हे तिला चित्रावरूनच समजलं. जोर जास्त म्हणजे काम चांगलं, असं मानणारे तिने कारखान्यात पुष्कळ पाहिले होते.

वायरमन बाबल्याला तिने एमआयडीसीतून बोलावून घेतलं. पाऊच चिकटवायच्या यंत्रांवर असतो तसा टेंपरेचर कंट्रोलर त्याला आणायला सांगितला. लहानशी डबी, दोन ओळींत आकडे. वर असलेला ताप, खाली हवा तो.

बाबल्याने मशीनचं झाकण काढलं आणि तो कचरला. "तुळसाबाय, मालक इथं नाय. जळलं-बिळलं तर?"

"तर माजं नाव सांग," ती म्हणाली. "आनि जुनी लाईन तोडू नको. एका बटनावर परत आली पायजे."

आतून निघाला पाण्याचा ताप सांभाळणारा रुपयाएवढा थर्मोस्टॅट. उशिरा झोपणारा, उशिरा उठणारा, सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा. त्याला बाजूला ठेवून बाबल्याने कंट्रोलरची तापमापी तार बॉयलरच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भांड्याच्या अंगाला बसवली. दाबाचं काम तुळसाने स्वतः केलं. आत जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या स्प्रिंगचा स्क्रू ती पाव-पाव फेरा सैल करत गेली. कॉफीची पूड भरायच्या दांड्याला बाबल्याने बसवून दिलेला काटा साडेचौदावरून उतरत उतरत नऊवर आला तेव्हा तिने पाना खाली ठेवला.

डबीवर तिने व्हिडिओतला त्र्याण्णवचा आकडा लावला. कॉफी पुन्हा आंबट! बाबल्याने कपाळाला हात लावला. तुळसाला मात्र केटल आठवली. भिंतीतली वाफ वेगळी आणि मधला रस वेगळा. तार भिंतीचा ताप सांगतेय, पाण्याचा नाही. तोटीखाली थर्मामीटर धरला, चौऱ्याऐंशी. मग तिने डबीचा आकडा एकेक करत चढवला. एकशे दोनवर आला तेव्हा कपातलं पाणी त्र्याण्णव झालं. दहा वेळा काढलं, दहाही वेळा त्र्याण्णव.

खरं सांगायचं तर तुळसाला कॉफी आवडत नाही, ती चहावाली. पण त्या दिवशीचा कप तिने तळापर्यंत प्यायला. वर तांबूस साय धरली होती.

चौथ्या दिवशी सकाळी अनस आला. पडवीत नाशिकच्या एक बाई आणि त्यांचे यजमान कॉफी पीत बसले होते. अनसची नजर आधी मशीनवर गेली. लाल आकडे, बाहेर लोंबणारी वायर, दाबाचा काटा.

"तुळसाबाय, हे काय केलंत? पंधराचं मशीन नऊवर आणलंत? आनि हे एकशे दोन? फुटेल ना ते! कुणाला विचारून हात लावलात?"

"कुनाला नाय विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर नाय म्हनला असता."

"आत्ताच्या आत्ता होतं तसं करा!"

ती भांडली नाही. पदर खोचला, बटण जुन्या लाईनवर टाकलं, पाना घेतला, स्क्रू आवळून काटा पुन्हा वर चढवला. मशीन तापू दिलं. मग तिने त्याच पुडीतली कॉफी काढली आणि कप अनसच्या हातात दिला.

"घ्या शेठ. पंधराची. खोक्यावर लिवलंय तशी."

पाहुण्यांच्या देखत अनसला ती प्यावी लागली. एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा कच्ची कैरी चावल्यासारखा झाला. नाशिकच्या बाईंनी स्वतःचा दुसरा, अजून न उष्टावलेला कप त्याच्यापुढे सरकवला. "ही घेऊन बघा. यांनी आत्ताच केलेली." अनसने घोट घेतला. मग आणखी एक. तो हळूहळू कप संपवत राहिला आणि मान वर करेना.

शेवटी म्हणाला, "परत नऊवर आना."

"नाय आनणार."

"म्हणजे?"

"आदी पाटी लावा. हितं, मशीनच्या वर."

"कसली पाटी?"

तुळसाने त्याला केटलवरची पाटी सांगितली. फणसाखालचा आत्माराम सांगितला, फुगलेले डबे सांगितले. एवढं सलग ती त्या घरात कधीच बोलली नव्हती. अनस ऐकत उभा राहिला. मग आत गेला, पाहुण्यांसाठी जेवणाचे पदार्थ लिहायची काळी पाटी पुसून घेऊन आला, मशीनच्या वर खिळ्याला टांगली आणि खडू हातात धरला. "काय लिहू?"

"द्या इकडं," तुळसा म्हणाली.

तिने स्वतः लिहिलं. अक्षर मोठं आणि जरा वाकडं आलं, 'चालवणार : तुळसा गोताड'. दोन पावलं मागे सरून तिने ते वाचलं.

"उद्या कॉफी बिगडली तर बोल मलाच लावा, शेठ," ती म्हणाली. "पन चांगली झाली तरी नाव माजंच."

आणि तिने पाना उचलला.