सात मिनिटांचे थॉर्नकॉट साहेब

या शहरात कोणीतरी असा नियम करून ठेवलाय की पडद्यावर काही दिसण्याआधी व्यासपीठावर किमान पाच माणसं दिसली पाहिजेत. कोणी केला ते माहीत नाही. पण ज्याने केला त्याला त्याच दिवशी शाल मिळाली असणार, नारळ मिळाला असणार, आणि त्याने ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ म्हणून तासभर घेतला असणार!

आमच्या फिल्म क्लबात असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कुलरच्या टाकीत गाळ साचतो तसे साचतात. नुसत्या एका मूकपटाच्या कार्यक्रमाचेच इतके साचले की आता उपसल्याशिवाय गत्यंतर नाही.

*

सुरुवात मीटिंगपासून.

आमचे अध्यक्ष गायधनी सर. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांना कलेची आवड लागली, म्हणजे अध्यक्षपदाची. खजिनदार बोरस्ते. त्यांचं ट्रॅक्टरचं शोरूम आहे आणि प्रत्येक कार्यक्रमाला ते ‘डेमो’ म्हणतात. आणि मी. एमए झालेली, बिनपगारी, म्हणून कार्यवाह.

मी सांगितलं, या महिन्यात विल्फ्रेड थॉर्नकॉट करू या.

इंग्लंडचा माणूस. सिनेमा बोलायला लागला त्याच्या कितीतरी आधीचा. आधी फोटोचं दुकान होतं. मग घरामागच्या अंगणात पडदे टांगून पाच-सात मिनिटांचे सिनेमे काढायला लागला. गोष्ट लिहायची, त्यात नाचायचं, धडपडायचं, आणि रीळ खांद्यावर टाकून विकायला निघायचं! पुढे काचेच्या छपराचा स्टुडिओ, पगारी नट, लांबलचक चित्रपट. मग मोठ्या कंपन्या आल्या, याचं दिवाळं निघालं, रिळं भंगारात वितळवली गेली. म्हातारपणी शाळाशाळांतून स्लाइड दाखवत फिरला. शेकडो सिनेमांपैकी धड असा एकच उरलाय. सात मिनिटांचा. तिकडच्या एका संग्रहालयाने मला तो एका संध्याकाळपुरता दाखवायला दिला होता.

बोरस्ते विचारात पडले. “म्हणजे आधी चांगलं चालतं दुकान होतं?”

“हो.”

“मग हे कशाला केलं?”

हा प्रश्न आमच्या घरी रोज रात्री जेवताना माझ्याबद्दल विचारला जातो, त्यामुळे मी ओळखीचं हसले.

गायधनी सरांनी निकाल दिला. “मूकपट लावतेस? लाव. लोक शेवटपर्यंत बसले तर क्लब तुझा, काय हवं ते दाखव. उठून गेले, तर क्लबचा महिन्यातला दुसरा रविवार कराओकेवाल्यांना!”

कराओकेवाल्यांनी माइक आधीच विकत घेतला होता.

*

फ्लेक्सचं काम बोरस्त्यांकडे.

नाशिकमध्ये फ्लेक्सशिवाय कार्यक्रम झाला तर तो झाला असं धरत नाहीत. बोरस्त्यांनी दुकानदाराला थॉर्नकॉट साहेबांचा फोटो पाठवला. काळा-पांढरा फोटो, मिशा, गंभीर चेहरा. दुकानदाराने विचारलं, “हयात आहेत का?” बोरस्ते म्हणाले, “नाहीत.”

एवढी माहिती त्याला पुरली!

सकाळी चौकात साहेब लागलेले. भोवती झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘शोकाकुल’ म्हणून गायधनी सर, बोरस्ते आणि मी, हसऱ्या फोटोंसकट. सिनेमाची वेळ आणि हॉलचा पत्ता अगदी तळाशी.

मी चिडून बोरस्त्यांना फोन केला. ते शांत होते. “ताई, लोक वाचतायत ना? आपल्या मागच्या फ्लेक्ससमोर कोणी थांबलं तरी होतं का?”

ते खरं होतं. दुपारपर्यंत दोघांनी मला फोन केला. पहिल्याने फार वाईट वाटलं म्हणून सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, “दशक्रिया रामकुंडावरच का?”

*

मूकपटाला संगीत लागतं. त्या काळी थिएटरात कोणीतरी पियानो वाजवायचं. आमच्या बजेटमध्ये पियानोचा फोटोसुद्धा बसत नव्हता. गायधनी सरांनी ओळखीतून घोटीचे सोनवणे बुवा आणले. भजनी मंडळात पेटी वाजवतात. हात सोन्याचा!

तालमीला मी सिनेमा लावला. बुवांनी पेटी पुढे ओढली, नमस्कार केला आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, “बुवा, पडद्याकडे बघून वाजवायचंय.”

“बघून वाजवलं की मन लागत नाय.”

पडद्यावर साहेब धडपडतायत, खुर्ची गायब होतेय, किटली गायब होतेय, आणि इकडे बुवांचा संथ आलाप. सात मिनिटं झाली. पडदा पांढरा पडला. बुवा अजून वरच्या सुराला पोचायचे होते.

“बुवा, सिनेमा संपला!”

त्यांनी एक डोळा किलकिला केला. “तुमचा संपला. माझं आत्ता कुठं जमून आलंय.”

*

साउंडवाला निकम सटाण्याकडचा. चोख माणूस. पण त्याच्यापुढे धर्मसंकट उभं राहिलं होतं.

“ताई, आवाज नाहीच का?”

“नाही.”

“थोडासा?”

“निकमभाऊ, मूकपट आहे! शंभर वर्षांपूर्वीचा!”

“ते तुम्हाला माहीत शे. पब्लिकला नाही ना! आवाज आला नाही तर पब्लिक त्या साहेबाला शिव्या देत नाही. मागे वळून मला देतं!”

त्याला मी अर्धा तास सिनेमाचा इतिहास समजावला. त्याने मन लावून ऐकलं, मान हलवली आणि कार्यक्रमाच्या दिवशी दोन जास्तीचे स्पीकर घेऊन आला.

“हे कशाला?”

“माझ्याकडून काही कमी राहिलं असं नको.”

*

आणि मग ती संध्याकाळ.

हॉल भरला होता. निम्मे लोक श्रद्धांजलीला आले होते, पण आले होते! आठ वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता, कारण नंतर तिथे हळदीचा कार्यक्रम होता.

दीपप्रज्वलन झालं. पंख्याने दोनदा विझवलं, तिसऱ्यांदा पंखा बंद करून झालं. स्वागतगीत झालं. शाल, नारळ, गुच्छ झाले. प्रमुख पाहुणे म्हणून बोरस्त्यांनी एका इंग्लिश मीडियम शाळेचे संस्थापक आणले होते. का? तर साहेब इंग्लिश आणि शाळाही इंग्लिश! संस्थापक उठले. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी संस्थापकांची शाल, नारळ, गुच्छ, चष्म्याची डबी आणि मोबाइल सगळं आपल्या मांडीवर घेतलं.

संस्थापक म्हणाले, “थॉर्नकॉट यांच्याविषयी मी काय बोलावं!”

एवढंच ते थॉर्नकॉटविषयी बोलले. मग इंग्रजांनी रेल्वे आणली. मग रेल्वे मनमाडला आली. मग संस्थापकांचे वडील मनमाडला रेल्वेत लागले. मग संस्थापकांचं बालपण लागलं.

साडेसात वाजून गेले. मागच्या दाराने हळदीच्या डेकोरेशनची माणसं झेंडूच्या माळा घेऊन आत यायला लागली. खुर्च्या करकरू लागल्या. तिसऱ्या रांगेतून एक कुटुंब चपला शोधायला वाकलं. गायधनी सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला कराओके स्पष्ट दिसला. इतकी वर्षं वितळण्यातून, जळण्यातून, भंगारातून जो सिनेमा कसाबसा वाचला होता, तो आता मनमाड जंक्शनवर मरणार होता!

मी निकमकडे धावले. “दिवे घालवा.”

“ताई, भाषण चालू शे!”

“म्हणूनच!”

दिवे गेले. संस्थापक अंधारातही दोन वाक्यं बोलले. मग पडदा उजळला.

इंग्लंडातलं एक अंगण. मिशावाले थॉर्नकॉट साहेब ऐटीत येतात, चहा प्यायला बसू पाहतात. खुर्ची गायब! धपकन पडतात. उठतात, खुर्ची परत जागेवर. बसतात, तर किटली गायब. टेबलाला धरायला जातात, तर टेबल गायब! बुवांनी या वेळी डोळे उघडे ठेवले होते. साहेब पडले की पेटी पडायची, साहेब उठले की पेटी उठायची. चपला शोधणारं कुटुंब वाकल्या जागीच बघत राहिलं. पोरं किंचाळून हसत होती. डेकोरेशनवाले खांद्यावर माळा घेऊन भिंतीशी उभे. आवाज नाही म्हणून कोणीही मागे वळलं नाही.

सात मिनिटं. एक माणूस उठला नाही.

दिवे लागले आणि डेकोरेशनवाल्यांतूनच कोणीतरी ओरडलं, “परत लावा ना!” सगळा हॉल ओरडायला लागला. गायधनी सर व्यासपीठावरून म्हणाले, “कार्यवाह, परत लावा.” आणि मग, अध्यक्षच ते, पुढे जोडलं, “तत्पूर्वी दोन शब्द.”

ते दोन शब्द मला बोलायचे होते. मीटिंगपासून मी त्याचीच वाट पाहत होते. मी माइक घेतला आणि भरभरून बोलले. कसा एकट्याने, कसल्याही मदतीशिवाय, स्वतःच्या अंगणात या माणसाने हे उभं केलं. जादू कशी केली तेही सांगितलं. कॅमेरा मध्येच थांबवायचा, नटाने पुतळ्यासारखं जागच्या जागी थिजायचं, खुर्ची उचलून न्यायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्याला वाटतं, गायब!

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून संस्थापकांच्या पत्नींनी हात वर केला. म्हणजे गुच्छ वर केला, कारण हात मोकळा नव्हता.

“साहेब तर थिजून उभे होते ना? मग कॅमेरा कोण थांबवायचं?”

“त्यांच्या मिसेस,” मी म्हणाले.

“आणि खुर्ची उचलून न्यायला?”

“त्याच.”

“किटली, टेबल?”

“तेही... त्याच.”

“कुठे दिसल्या नाहीत त्या.”

“नाही, त्या पडद्यावर येत नाहीत.”

त्यांनी मांडीवरचा घरंगळणारा नारळ सावरला.

“बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या. “दिसली असती तर जादू कसली!”