माथ्यावरचं नाव

वासंती आगाशे हडपसरच्या एका आयटी कंपनीत मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या अजस्र संगणकावर, असेम्ब्लर या किचकट भाषेत प्रोग्राम लिहायच्या. राहायला शनिवार पेठेत, त्यामुळे अपमान गिळायची सवय नव्हती. संगणकावर चालू असलेल्या कामाला, म्हणजे जॉबला, सिस्टीमने कोणकोणत्या फाइली जोडून दिल्या आहेत, हे शोधणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. त्यांचा मॅनेजर अवधूत याने प्रोग्रामच्या माथ्यावरचं त्यांचं नाव काढून स्वतःचं घातलं आणि वर बक्षीसही लाटलं. बाईंनी जाब विचारला, तर हसत म्हणाला, "मॅडम, वर नाव कोणाचं, याने काय फरक पडतो?"

बाईंनी राग लोणच्यासारखा मुरू दिला.

तो प्रोग्राम फाइली फक्त सिस्टीमच्या जुन्या तक्त्यात शोधायचा. नव्या पद्धतीने जोडलेल्या फाइली त्यात येतच नाहीत, हे बाईंनी अवधूतला आधीच सांगितलं होतं. "चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नाही," असा त्याचा हुकूम. बाईंनी तो मनापासून पाळला.

सोमवारी क्लायंटने नवी पद्धत सुरू केली, प्रोग्रामला फाइली सापडेनात आणि भर दुपारी जॉब आडवा झाला. जॉब पडला की प्रोग्रामच्या माथ्यावर ज्याचं नाव, त्यालाच फोन, ही तिथली रीत. अवधूतला असेम्ब्लरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. क्लायंटच्या शिव्या खात, घामाघूम होऊन तो बाईंच्या टेबलाशी आला.

"मॅडम, प्लीज, जरा बघा ना! तुमचं नाव आत्ताच्या आत्ता परत घालतो."

वासंतीबाईंनी सावकाश डबा उघडला.

"अहो, कशाला? काय फरक पडतो?"