झेनन नावाचं पाकीट

ओनुफ्रीची बायको पाराश्का जानेवारीत वारली. मार्चमध्ये तिच्या शिवणाच्या डब्यात त्याला बियांची अकरा पाकिटं सापडली. बाहेर अजून गुडघाभर बर्फ होतं. एकाही पाकिटावर भाजीचं नाव नव्हतं. माणसांची नावं होती. मारिका, थोरली काकू, लुत्सिया. आणि एकावर तिच्या टपोऱ्या अक्षरात, झेनन.

ओनुफ्रीचं आयुष्य कॅनडातल्या कॅनोरा गावच्या धान्यकोठारावर गव्हाचे ट्रक रिकामे करण्यात गेलेलं. बाग तिची, याने फक्त खाल्लं. मारिका आणि लुत्सिया तिच्या मैत्रिणी, काकू त्याचीच. पण झेनन? एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे नाव तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

तो पाकीट घेऊन शेजारच्या मिल्ड्रेडकडे गेला.

"हा झेनन कोण गं?"

"मला काय विचारतोस? बायको तुझी." तिने बी तळहातावर ओतून चष्म्याजवळ धरलं. "टोमॅटो आहे. आत्ताच खिडकीत लाव. जूनची वाट बघत बसलास तर फळ धरायच्या आत गारठेल सगळं."

"पण कोण आहे तो?"

"टोमॅटो आहे रे बाबा!"

घरी येऊन पाकीट जाळून टाकायला त्याने लाकडाच्या स्टोव्हचं झाकण उघडलं. मग ते परत लावलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरली.

रोपं उंच, फिकट, लुळी झाली. पाणी जास्त की कमी, त्याला कळेना. मे संपताना रेडिओवाला म्हणाला, आता थंडी गेली. मिल्ड्रेड म्हणाली, लायलॅकची झुडपं फुलेपर्यंत थांब. त्याने रेडिओचं ऐकून रोपं बाहेर वाफ्यात लावली. तिसऱ्या सकाळी निम्मी रोपं गारठून काळी पडली होती. उरलेल्यांवर तो रोज संध्याकाळी चादरी घालू लागला, आणि पहाटे पाचला उठून आधी तेच बघायला धावू लागला. ज्या माणसाचा राग येतो त्याच्या रोपांसाठी आपण असे का धावतो, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

ऑगस्टमध्ये पहिला टोमॅटो पिकला. त्याने तो वाफ्यातच उभ्याने चावला. आंबटगोड, जाड सालीचा. ही तर घरच्या बोर्श्टची, पाराश्काच्या बिटाच्या सुपाची चव! त्याने सास्काटूनला मेहुणीला फोन लावला.

"तेक्ला, खरं सांग. झेनन कोण होता?"

"झेनन?" ती खो खो हसत सुटली. "दाजी, आमचा घोडा तो! त्याच्या लिदीच्या ढिगावर आपोआप उगवलेलं टोमॅटोचं झाड. पाराश्काने त्याचंच बी धरलं. ज्याच्याकडून बी मिळे त्याचंच नाव ती पाकिटावर घालायची. तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

"नाही."

"तुम्ही विचारलं होतंत?"

फोन ठेवून तो हसला, आणि मग हसता हसता खुर्चीत बसला. पाच महिने तो एका घोड्यावर जळत होता. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. एवढ्या वर्षांत आपण तिला बागेबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात रेडिओवाल्याने पुन्हा थंडीचा इशारा दिला. "दोन दिवस राहू दे झाडावर," मिल्ड्रेड म्हणाली. त्याने घाबरून सगळे हिरवे टोमॅटो तोडले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि तळघरात नेऊन ठेवले. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं, दवाचा थेंबही गोठला नव्हता.

तळघरात काही लाल झाले, काही सडले. कुठले का सडले, ते कळलं नाही. चांगले निघालेले सात त्याने मिल्ड्रेडला नेऊन दिले.